मादामच्या आधीचा घास

"आधी तू," असं म्हणत मादामनी मसुरीच्या सूपचा वाडगा वनितेकडे सरकवला.

हे रोजचंच होतं. परदेशातल्या लव्हाल शहरातल्या या नदीकाठच्या घरी वनिता देखभालीला आली, तेव्हा पहिल्याच दिवशी मादामच्या मुलाने बजावलं होतं, की आई कधी पहिला घास घेत नाही. आधी तू चाखायचं, थोडं थांबायचं, मग ती जेवेल. मादामचा दीर त्यांच्या देशाचा तहहयात राष्ट्राध्यक्ष होता आणि नवरा सेनापती. त्यांच्या मोटारी निघाल्या की राजधानीतली दुकानं मिटायची, रस्त्याकडेच्या खिडक्यांना आतून कड्या लागायच्या. हे ऐकताना वनितेला कीर्तनात बुवा उभी करतात ती लंका दिसायची. नुसती सोन्याची, पण आत कुणाला स्वस्थ झोप नाही.

आज मात्र वनितेची निर्जळा एकादशी होती. घोळ तिचाच. गावाहून आलेल्या कॅलेंडरवर एकादशी उद्याची, म्हणून तिने उद्याची शिफ्ट बदलीवर येणाऱ्या कस्तुरीला देऊन टाकली होती. सकाळी बसमध्ये मंदिरातल्या बुवांचा मेसेज आला, की इथल्या सूर्योदयाप्रमाणे एकादशी आजच. नशीब, चहा घ्यायचा राहिला होता.

"मादाम, आज माझा उपास आहे. पाणीसुद्धा घेत नाही मी. पण सूप माझ्यासमोरच शिजलंय."

मादामनी हातातला चमचा खाली ठेवला. इन्सुलिन टोचून झालं होतं, आता पोटात अन्न जायलाच हवं होतं. तिने केळं सोलून दिलं, ज्यूस पुढे केला. प्रत्येकाला तेच उत्तर, आधी तू. मादामचा मुलगा फोन उचलेना. शेवटी तिने नवऱ्याला फोन लावला. ईश्वर ट्रकवर होता.

"अगं, टाक की एक चमचा तोंडात," तो म्हणाला. "पांडुरंग काय तुला डिपोर्ट करणारे?"

तिने फोन ठेवला. लग्नाआधीपासून तिची ही एकादशी कधी मोडली नव्हती. बाळंतपणातही नाही.

मादाम तिच्याकडे टक लावून बघत होत्या. मग हळू आवाजात म्हणाल्या, "आमच्याकडेही एकदा एकाने नाही म्हटलं होतं. माझं जेवण तोच चाखायचा. म्हणाला, पोट दुखतंय. माझ्या दिराने फक्त मान वर केली."

"मग?"

"त्याला बाहेर नेलं. जेवणात काही नव्हतं. त्याचं पोट खरंच दुखत होतं."

कुणी नुसती मान वर करावी आणि जिता माणूस नाहीसा व्हावा, एवढी सत्ता. आणि त्याच घरातली ही बाई आज वाडगाभर सुपाला भीत होती. मादामच्या कपाळावर घाम फुटला होता. बोटं थरथरू लागली होती.

वनितेने डोळे मिटले. विठ्ठला, तुझाच नैवेद्य समज, असं मनात म्हणत तिने चमचा तोंडात घातला. कोरड्या जिभेला मीठ झोंबलं. मग ती तशीच उभी राहिली. मादाम तिचा चेहरा, ओठ, डोळे निरखत होत्या, आणि तिने निरखू दिलं. हळूहळू मादामनी चमचा उचलला आणि वाडगा रिकामा केला.

अंगात धुगधुगी आली तशा त्या मागे टेकल्या.

"नाव काय त्या चाखणाऱ्याचं?" त्यांनी स्वतःशीच विचारलं. मग आठवत राहिल्या. तेव्हाच्या राजदूतांची नावं आठवली, तबेल्यातल्या घोड्यांची आठवली, दिराच्या कुत्र्याचंही आठवलं.

"इथे तीळ होता त्याच्या," त्या म्हणाल्या आणि हनुवटीवर बोट ठेवलं.

वनितेने वाडगा धुऊन पुसून ठेवला, तरी ते बोट तिथेच होतं.