बाजिंद्याची लूत

"रॉकेल कुनी वतलं ह्याच्या अंगावर?"

झुंबरबाईनं डोक्यावरची पाटी धाडकन ओसरीवर टाकली. काष्टीच्या बाजारातून ती लुतीवर लावायला गंधकाची पुडी घेऊन नुकतीच आली होती. दाव्याला बांधलेला बाजिंद्या कुत्रा भर उन्हात थरथरत होता. पाठीवरची लूत लालभडक झाली होती आणि तो ती सारखी चाटत होता.

तिचा दीर छगन बाजेवर सुपारी कातरत बसला होता. "म्या वतलं. तुमचं ते करंजाचं तेल न् लिंबाचं पानी, कवा बरं व्हायचं? रॉकेलनं एका दमात किडं मरत्यात."

"बरं होत हुतं ते! केस फुटाया लागलं हुतं पाठीवर!"

"कुत्रंच हाय, वैनी."

लढाईमुळं रॉकेल मिळेनासं झालं होतं. दिवा लावायला नको म्हणून झुंबरबाई चुलीच्या उजेडात भाकरी थापायची. आणि ह्यानं बाटली कुत्र्यावर रिकामी केली!

तिनं बाजिंद्याला सावलीत ओढलं. गोडंतेल लावून रॉकेल पुसून काढलं, मग रिठ्याच्या पाण्यानं अंग धुतलं, पुन्हा धुतलं. तो कण्हत होता, पण चावला नाही. त्यानं चाटू नये म्हणून तिनं जुन्या टोपलीचं बूड कापलं आणि ती त्याच्या गळ्यात अडकवली. पाण्याची परात पुढं सरकवली.

छगन हसला. "एवढं मानसाचंबी कुनी करत न्हाई."

झुंबरबाईचे हात थांबले. ती उठून उभी राहिली.

"करू दिलं का तू मला?"

छगनची अडकित्त्यावरची बोटं थबकली. लग्न होऊन आल्यापासून तिनं त्याला 'भावजी'शिवाय हाक मारली नव्हती.

"तापानं फनफनला हुता तुझा भाऊ. गाडी जुप, नगरच्या दवाखान्यात नेऊ, म्हनून पाया पडले तुझ्या. तू काय केलंस? इळा तापवला न् पोटावर डाग दिलास. एका दमात ताप उतरतो म्हनलास. त्यो वरडत हुता तवा तूच मला बाहेर काढून कडी लावलीस."

"वैनी, त्याचं मरान लिव्हलेलं हुतं..."

"लिव्हलेलं न्हवतं! तू दिलंस!"

शेजारच्या अंगणातलं बोलणं एकदम बंद झालं. झुंबरबाईनं तिकडं पाहिलंही नाही. इतकी वर्षं ती ह्या माणसाला गरम भाकरी वाढत आली होती, आणि प्रत्येक भाकरीबरोबर तिनं हेच वाक्य गिळलं होतं. आता तिचा आवाज कापत नव्हता.

तिनं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला तीन दगड मांडून आपली वेगळी चूल केली. घरातून पीठ, तवा आणि काटवट आणली.

"हे काय मांडलंय?" छगन घाबरून म्हणाला. "लोकं काय म्हनतील?"

"इचारलं तर सांग त्यास्नी. समदं सांग."

ऊन कललं तसा बाजिंद्याचा श्वास जरा शांत झाला. टोपलीमुळं त्याचं तोंड जमिनीला पोचत नव्हतं. झुंबरबाई भाकरीचा एकेक तुकडा पाण्यात भिजवून त्याच्या तोंडात देत राहिली. घरातली चूल थंड पडली होती आणि छगन दारात उभा राहून तिच्याकडं पाहत होता.