पाचवी सही

चष्मेवाल्याला युद्धातल्या वैमानिकांच्या सह्यांचा नाद लागून तेवीस वर्षं झाली होती. दुकानामागच्या खोलीत फोटो होते, उड्डाणाचे नकाशे होते, एक फाटका हातमोजाही होता, आणि प्रत्येकावर कुणा ना कुणाची सही. पण गेले चार महिने त्याचा जीव एकाच फोटोत अडकला होता. एका म्हातारीच्या पश्चात तिच्या घरातलं सामान विकायला निघालं, त्यात तो मिळाला होता. बाँबर विमानासमोर उभे पाच जण. चौघांच्या पायाशी सह्या, आणि पाचवा, म्हणजे वाट दाखवणारा नॅव्हिगेटर, त्याच्या पायाशी कोरी जागा. त्यातला तो एकटाच अजून हयात होता.

चष्मेवाल्याने त्याला दोन पत्रं पाठवली. उत्तर नाही. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांवर भिंगं बदलताना तो "आता कसं दिसतंय?" असं विचारायचा आणि उत्तर न ऐकताच दाराकडे बघायचा, पोस्टमन आला का म्हणून. तिसऱ्या पत्रात त्याने न राहवून कुणाची सही कुठे आहे तेही सविस्तर लिहिलं. आठवड्यात म्हाताऱ्याच्या मुलीचा फोन आला. "बाबा म्हणतायत, फोटो घेऊन या. उद्याच."

दुसऱ्या दिवशी दुकानाला कुलूप लागलं. सोबत बायको निघाली. बसमध्ये त्याने खिशातली पेनं चौथ्यांदा काढून बघितली.

"अहो, सरळ बसा की जरा," बायको म्हणाली. "तुमच्या चुळबुळीने बस काही लवकर पोचणार नाही."

म्हातारा खिडकीशी बसला होता. चष्मेवाल्याने त्याच्या डोळ्यांकडे पाहिलं आणि ओळखलं, इथे कुठल्याच भिंगाचा उपयोग नाही.

"मला दिसत नाही," म्हातारा म्हणाला. "तुम्ही सांगा. डावीकडून दुसरा कसा दिसतोय?"

"टोपी मागे सरकलीय. हसतोय. पुढचा एक दात अर्धा तुटलाय."

"विमानाच्या दारावर आपटला होता. त्याची सही आहे ना?"

"आहे तर! सगळ्यांत ठसठशीत."

"ती मी केलीय."

चहा घेऊन आलेली मुलगी दारातच थांबली.

"फोटो धुऊन आला तोवर तो गेला होता," म्हातारा सांगू लागला. "त्याच्या आईला अजून कळवलेलं नव्हतं. तिचं पत्र आलं, सगळ्यांच्या सह्या घेऊन फोटो पाठवा म्हणून. त्याची जागा कोरी ठेवून पाठवायचा धीर होईना. मग त्याच्या नावाने मी सही केली, आणि स्वतःची करायला हातच उचलेना."

"मग?"

"तिचं उत्तर आलं. त्यात लिहिलं होतं, हे अक्षर माझ्या मुलाचं नाही, ज्याचं असेल त्याला एकदा माझ्या घरी पाठवा."

"गेलात?" बायकोने विचारलं.

म्हाताऱ्याने मान हलवली. नाही.

फोटो कुठल्या म्हातारीच्या घरातून आला होता ते आता कळलं. चष्मेवाल्याला बसवेना आणि उठवेनाही. हीच सही तो गिऱ्हाइकांना बोट ठेवून अभिमानाने दाखवत आला होता. तो गुपचूप फोटो पाकिटात सरकवू लागला.

"ठेवू नका," पाकिटाची सळसळ ऐकून म्हातारा म्हणाला. "पेन द्या. आणि माझं बोट त्या जागेवर टेकवा."

चष्मेवाल्याने त्याचं बोट कोऱ्या जागेवर धरलं. म्हाताऱ्याने सही केली, पण हात घसरला आणि शेवटचं अक्षर थेट शेजारच्याच्या बुटांवर चढलं. एरवी चष्मेवाल्याच्या तोंडून किंकाळी फुटली असती. त्याने फक्त शाई वाळेपर्यंत फुंकर घातली.

परतीच्या बसमध्येही त्याला चैन पडेना. दोनदा जागा बदलून झाली.

"मिळाली ना पाचवी? आता काय राहिलं?"

"काही नाही," तो म्हणाला, आणि उभाच राहिला.

घरी पोचल्यावर त्याने चपलाही काढल्या नाहीत. फोटो पालथा घातला आणि मागे शिसपेन्सिलने सगळी हकिगत लिहून काढली. मग बायकोला वाचून दाखवली.

"'खोटी सही' लिहिलंय ना, त्यातलं 'खोटी' खोडा," ती म्हणाली.

त्याने खोडलं. त्या जागी दुसरा कुठला शब्द घालावा हे मात्र त्याला सुचेना. पेन्सिल हातात धरून तो बराच वेळ खोलीत येरझाऱ्या घालत राहिला.