कपाटामागची जागा

पहिलीच्या बाईंचा वर्ग बघण्यासारखा असे, आणि तो लोकांनी बघावा अशी बाईंची इच्छाही असे. खोटं कशाला बोला! दप्तरं खुंट्यांवर एका रांगेत, खडूंचे डबे हाताशी, अक्षरांचे तक्ते मुलांच्या डोळ्यांच्या उंचीला. बाकीच्या वर्गांत तक्ते छताला टेकलेले असत. "तिथे काय पाली शिकतात का?" असं बाई म्हणत आणि शेजारच्या वर्गाच्या बाई नाक मुरडत. पण बाईंचं चुकत नव्हतं. लहान मुलाला अर्धं शिक्षण खोलीच देते, हे त्यांना वर्षानुवर्षं त्या खोलीत उभं राहून कळलं होतं.

या टापटिपीत एकच खोट होती, मागच्या कोपऱ्यातलं लाकडी कपाट. भिंतीला ओल आली म्हणून ते कधीतरी पुढे ओढलं होतं. मागे जी सांदड राहिली होती तिच्यात फाटके तक्ते, रद्दीचं पोतं, मोडका झाडू असला सगळा पसारा होता. बाई येता-जाता तिकडे बघत आणि म्हणत, एकदा हे आवरायला हवं.

त्या वर्षी वर्गात बडबडी आली. हे तिचं घरचं नाव. "झोपेतसुद्धा भांडते हो बाई, तोंड मिटत नाही हिचं," असं तिची आई सांगे. पण शाळेच्या फाटकातून आत आली की तोंडाला कुलूप. हजेरीला नुसता हात वर. पाणी हवं तर बोट माठाकडे. गुडघा फुटला तरी रडणं आवाजाशिवाय. सगळा वर्ग बेंबीच्या देठापासून कविता ओरडायचा आणि ही मूग गिळून उभी. बाईंनी गोंजारून पाहिलं, खोटं खोटं रुसून पाहिलं, शेवटी तिच्या वाटेला जायचं सोडून दिलं.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, यांनी मात्र आईला स्पष्ट सांगितलं होतं. "वर्ष संपताना तोंडी वाचन असतं. एक ओळ तरी वाचायला हवी. नाहीतर ती पहिलीतच राहील." आई बाईंकडे येऊन रडली. मैत्रिणी पुढे गेल्या आणि ही एकटी मागे राहिली तर पोर कायमची मिटेल, असं तिला वाटत होतं. बाईंनाही तसंच वाटत होतं.

एकदा मधल्या सुट्टीत बाई चष्मा विसरल्या म्हणून वर्गात परतल्या. मुलं पटांगणात होती. वर्ग रिकामा, आणि कपाटामागून आवाज येत होता.

"बोट ठेव. बोट ठेवल्याशिवाय वाचायचं नाही, सांगितलंय ना मी? आणि खिडकीबाहेर काय बघतेस? खिडकीत धडा आहे का?"

हे बाईंचंच बोलणं होतं, बाईंच्याच सुरात, त्यांच्यासारखंच शेवटी 'का'वर जोर देऊन. मग तोच आवाज धडा वाचू लागला. अडखळत नव्हता, जोडाक्षरांना भीत नव्हता. बडबडी रद्दीच्या पोत्यावर बसून चिंध्यांच्या बाहुलीला शिकवत होती.

बाईंना तोंडावर हात दाबून धरावा लागला. हसू येत होतं आणि डोळेही भरत होते. चष्मा न घेताच त्या चवड्यांवर बाहेर आल्या. तिथेच थांबल्या असत्या तर किती बरं झालं असतं!

पण आनंद पोटात मावेना. त्यांनी आईला सांगितलं, मोठ्या बाईंना सांगितलं, घरी यजमानांना दोनदा सांगितलं. आणि मग त्यांच्यातली हौशी शिक्षिका जागी झाली. पोरीला कोपऱ्यात वाचता येतं ना? मग तो कोपरा असा धुळीचा का असावा? त्याला छान रूप देऊ. आज तिथे वाचते, उद्या चार जणांत वाचेल, परवा मोठ्या बाईंसमोर. शिकवणं म्हणजे पायऱ्या बांधणं, असं बाई नेहमी म्हणत.

सुट्टीच्या दिवशी त्यांनी शिपाईमामांना गाठलं. कपाट सरकवलं, पोतं बाहेर, भिंतीला रंग. जमिनीवर सतरंजी आली, पुस्तकांची मांडणी आली. घरच्या सोफ्यावरच्या उश्या आल्या. "आता मीही तिकडेच येतो वाचायला, इथे टेकायला काही उरलं नाही," यजमान म्हणाले. वर रंगीत अक्षरांत पाटी लागली, 'आमचा वाचनकोपरा'. आणि कपाट असं फिरवलं की बाईंना आपल्या खुर्चीवरून कोपऱ्यातलं सगळं दिसावं. लहान मुलांवर नजर नको का?

सोमवारी मुलांनी वर्ग डोक्यावर घेतला. उश्यांवर उड्या पडल्या. बडबडी सतरंजीच्या कडेशी उभी राहिली. ती पोतं शोधत होती.

"आवडला ना? तुझ्यासाठीच केलाय," बाई तिच्या कानाशी म्हणाल्या. तिने मान हलवली. मोठ्यांनी विचारलं की मुलं हलवतात तशी.

मग कोपऱ्याचं नाव झालं. मोठ्या बाई दुसऱ्या शाळेच्या शिक्षकांना घेऊन आल्या. पाहुण्यांनी कौतुक केलं आणि बाईंच्या अंगावर मूठभर मांस चढलं. त्या भरात त्यांनी बडबडीला हात धरून उशीवर बसवलं.

"ही बघा. वर्षभर अक्षर बोलली नव्हती. आता इथे बसून इतकं सुंदर वाचते! वाच बाळा, बाहुलीला वाचून दाखवतेस ना, तसंच. मी ऐकलंय."

बडबडीने चटकन वर पाहिलं. 'मी ऐकलंय' म्हटल्यावर पाहिलं, हे बाईंना त्याच क्षणी दिसलं, पण शब्द तोंडातून निघून गेला होता. पोरीचा चेहरा लाल झाला. तिने पुस्तक मिटून उशीखाली सारलं. पाहुणे समजूतदारपणे हसले आणि खिडक्यांकडे बघू लागले.

दुसऱ्या दिवशी तिने बाहुली आणली नाही.

कोपऱ्यात रोज पाळीपाळीने मुलं बसत, खिदळत, वाचतही. चाळीस पोरांना त्याचा फायदा झाला, हे कोणी नाकारणार नाही. बडबडी मात्र बाकावरून उठेना. करायला गेले एक आणि झालं भलतंच, बाई मनाशी म्हणत, पण म्हणून काय उपयोग?

शेवटी त्यांनी पाटी उतरवली. शिपाईमामा पुन्हा आले. "बाई, या कपाटाला चाकं लावून द्या. दर महिन्याला फिरायला निघतं," ते म्हणाले. कपाट पूर्वीच्या जागी गेलं. बाईंनी रद्दीचं पोतंसुद्धा शोधून आणलं आणि मागे ठेवलं. मोडका झाडू ठेवताना त्यांना स्वतःचीच लाज वाटली.

तोंडी वाचन जवळ आलं तशी बाईंची झोप उडाली. मधल्या सुट्टीत त्या वर्गातच बसत, टेबलाशी, मान खाली घालून. आणि एक दिवस बडबडी सगळे गेल्यावर हळूच मागे वळली आणि कपाटामागे शिरली.

पोतं कुरकुरलं. पान उलटल्याचा आवाज आला. खुर्ची वाजू नये म्हणून बाई हलल्याही नाहीत. एक ओळ. एकच ओळ वाच गं बाई माझे, त्या मनात म्हणत होत्या.

थोड्या वेळाने बडबडी बाहेर आली. सरळ टेबलापर्यंत आली. आणि बोलली. वर्षात पहिल्यांदा बाईंशी बोलली, घोगऱ्या, लहान आवाजात.

"बाई, तुम्ही ऐकताय."

"छे गं," बाई घाईने म्हणाल्या, "मी वह्या तपासतेय. तू वाच ना!"

बडबडीने टेबलाकडे पाहिलं. टेबलावर एकही वही नव्हती. ती आपल्या बाकावर जाऊन बसली आणि घंटा होईपर्यंत बसून राहिली.

हो म्हणायला हवं होतं. 'हो, ऐकत होते, चुकलं माझं, आता बाहेर जाते' इतकंच. मोठ्या माणसाला इतकं साधं वाक्य का सुचू नये? बाईंना ते पुढे कित्येकदा सुचलं, भांडी घासताना, रस्ता ओलांडताना.

तोंडी वाचनाला मोठ्या बाईंनी प्रेमाने पुस्तक पुढे केलं. बडबडी उभी राहिली. "तिला येतं हो," बाई कळवळून म्हणाल्या, "मी माझ्या कानांनी ऐकलंय." मोठ्या बाई म्हणाल्या, "तुमच्या कानांचे गुण हिला कसे देऊ?" बोलणं काही चूक नव्हतं. पुस्तक तसंच बंद झालं.

वडिलांनी ठरवलं, पुन्हा पहिलीच करायची तर दुसऱ्या शाळेत. दाखला न्यायला आई आली तेव्हा बडबडी तिचं बोट धरून होती. आईच्या मनात राग नव्हता. असता तर बाईंना सोपं गेलं असतं.

"तुम्ही खूप केलंत तिच्यासाठी. कोण करतं एवढं! घरच्या उश्यासुद्धा आणल्यात."

"तिची स्वतःची एक जागा होती हो," बाई म्हणाल्या. "मी ती घेतली आणि सगळ्यांना दाखवत सुटले. माझ्यामुळे गेली ती."

"असं काय बोलता बाई," आई म्हणाली. तिला तो विनय वाटला. तिने पोरीला पुढे ढकललं. "बाईंना अच्छा म्हण. आज तरी म्हण."

बडबडीने बाईंकडे पाहिलं. तिचे ओठ किंचित हलले. बाई आता वाट बघणार, हे तिच्या डोळ्यांत आधीच लिहिलेलं होतं.

"नको गं, राहू दे," बाई म्हणाल्या आणि त्यांनी पाठ फिरवली. फळ्याकडे तोंड करून त्या उभ्या राहिल्या, आणि ओला कपडा घेऊन कोरडा, स्वच्छ फळा जोरजोरात पुसू लागल्या. मागे काही बोललं गेलं की नाही, त्यांना कळलं नाही. वळल्या तेव्हा दारात कोणी नव्हतं.