नालबंदाची लाडकी कानस

मित्रांनो, मी कानस आहे. वय विचारू नका. दात अजून सगळे शाबूत आहेत, एवढं सांगते. एका नालबंदाकडे, म्हणजे घोड्यांच्या खुरांना नाल ठोकणाऱ्याकडे, मी सतरा वर्षं कामाला आहे.

मी त्याची फार लाडकी होते. का, ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. नाल ऐरणीवर ठोकून खुराच्या मापाचा करायचा असतो. आमचे मालक पडले आळशी. नाल लहान झाला की ते मला उचलायचे आणि खूरच घासून नालाएवढा करायचे! वरून तेल चोळलं की गिऱ्हाईक खूश. "वा! काय सफाई आहे हाताला!" मी मनात म्हणायची, हाताला कसली, मला.

एके दिवशी दूधवाल्या मावशी आल्या. त्यांची गाडी ओढणारी घोडी लंगडत होती. घोडी बसली की मावशींचा धंदाच बसणार होता.

"तुझी कानस फार छान चालते रे," मावशी म्हणाल्या, "म्हणून माझी घोडी चालत नाही."

मालकांचा पारा चढला. "मावशी, सतरा वर्षं हेच करतोय मी!"

"मग सतरा वर्षं चुकतोयस. उद्या चप्पल लहान पडली तर टाच कापशील का?"

आतून मालकांची बायको खो खो हसली. "अहो, मी कधीची हेच सांगतेय!"

मालकांनी तोंड फुगवून नवा नाल तापवला, ठोकला, लावून पाहिला. लहान. सवयीने हात माझ्याकडे आला. तर काय, मावशी सरळ माझ्यावरच बसल्या! अहो, मला दात आहेत. पण त्या बाई हलतील तर शपथ. "ठोक परत," एवढंच म्हणाल्या. दुसरा नाल मोठा झाला. तिसरा वाकडा. मालक घामाघूम, मी गुदमरलेली. चौथा मात्र खुरावर कडेला कड लागून बसला. आठवड्याभरात घोडी दुडक्या चालीने दूध घालू लागली.

परवा एक गिऱ्हाईक नव्या नालाकडे बघून "वा वा" करत होतं. मालक वाकले, बोटाने कड चाचपली आणि म्हणाले, "थांबा. चुकलाय हा." कुणी न सांगता त्यांनी तो उपटला आणि पुन्हा भट्टीत घातला. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही!

वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण ऊरही भरून आला. आता मी बहुतेक खुंटीवरच असते, खिळ्यांची टोकं घासण्यापुरती उतरते. मित्रांनो, मला गंज चढू देऊ नका, अधूनमधून ब्रशने झटका, एवढीच विनंती. लाड मात्र नकोत. माझे लाड झाले की कुणाची तरी घोडी लंगडते.