बिनकाठाचा उमेदवार

राज्यभरच्या कारखाना कामगारांच्या संघटनेच्या सरचिटणीसपदासाठी राणोजीकाका उभे होते. उमेदवार कुठल्याही पक्षाचा नसावा, असा नियम होता. पण इथे मद्रासमध्ये लोक वेष्टीच्या, म्हणजे इकडच्या लुंगीसारख्या धोतराच्या, काठाचा रंग पाहूनच माणसाचा पक्ष ठरवतात. म्हणून मी काकांना बिनकाठाची पांढरी वेष्टी नेसवली. पहिल्याच कारखान्याच्या फाटकावर एका फिटरने विचारलं, "अण्णा, हा कुठला नवा पक्ष?"

काका वैतागले आणि दुसऱ्या दिवशी पँट घालून गुम्मिडिपूंडीच्या कारखान्यावर आले. तिथे पहारेकऱ्याने त्यांना साहेब समजून सलाम ठोकला. ज्यांची मतं मागायची, ते कामगार विड्या विझवून आत पळाले.

"विद्युलता," काका मला म्हणाले, "उद्या वेष्टीच दे. काठ कुठलाही चालेल."