भरल्या वयाची

“पंच्याहत्तर तरी असन साहेब,” १९६४ साली शहरातल्या दवाखान्यात देवरावानं आईचं वय सांगितलं आणि डॉक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा लावलं.

“मग जमायचं नाही,” ते हळूच म्हणाले. “गळ्यातल्या न् काखेतल्या या गाठी कॅन्सरच्या आहेत. मुंबईहून नवी इंजेक्शनं येतात, त्यांनी गाठी बसतात. पण ती हाडातला मगजही जाळतात, आणि रक्त तयार होतं ते तिथंच. तरणं हाड पुन्हा उभारी धरतं, म्हातारं धरत नाही. पासष्टीच्या वर मी देत नाही. घरी न्या, आवडेल ते खाऊ घाला.”

बाकावर बसलेल्या जाईबाईची पाचावर धारण बसली.

जाईबाई वलगावची सुईण. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलेलं. ऐन उमेदीत नवरा गेला तेव्हा तान्ह्या देवरावाला कडेवर घेऊन ती या परक्या गावात आली. पण पोरसवदा विधवेच्या हाती आपली सून कोण देणार? केस अकालीच पिकले होते, त्याचा तिनं फायदा घेतला आणि वयात पंधराएक वर्षं बिनदिक्कत घातली. वर संवत छप्पनच्या, म्हणजे १८९९च्या, दुष्काळाच्या गोष्टी सांगू लागली. पाला कसा उकडून खाल्ला, गुरं कशी दावणीलाच मेली. ऐकणारे तोंडात बोट घालत. देवराव तर स्वतःला म्हातारपणचं लेकरू समजूनच वाढला. या खोट्यानं बाईला जन्मभर पोसलं, आणि आज तेच मुळावर आलं.

“साहेब,” ती घोगऱ्या आवाजात म्हणाली, “माहं वय कमी हाय.”

डॉक्टर थकलेलं हसले. “आजी, औषध हवं असलं की सगळेच तरुण होतात.”

“नाई हो! अठरा सालच्या मानमोडीच्या साथीत माहं लगन झालं. तवा मी परकरी पोर होती. साठीबी नाई भरली माही.”

“माय, काई का बोलून राहिली?” देवराव ओशाळला. “मंग छप्पन्यात पाला खाल्ला थे?”

“माह्या मायनं खाल्ला. मी तवा जन्मालेबी नोती आली.”

“अन् मले काहून सांगतलं मंग?”

“साऱ्याइलेच सांगतलं. तरण्या बाईले बाळंतपनाले कोन बलावते, बाबू?”

देवरावाचा चेहरा पडला. त्याच गोष्टी त्यानं आपल्या लेकरांना सांगितल्या होत्या. रागावून तो काही बोलणार, तोच त्याची नजर तिच्या हातांवर गेली. आडवं आलेलं मूल फिरवताना न हललेले ते हात पदरात थरथरत होते.

“खरं हाय साहेब,” तो म्हणाला. “माय खोटं बोलतानी कधी घाबरत नाई.”

डॉक्टरांनी पेनाचं टोपण पुन्हा काढलं. मग म्हणाले, “माझं किंवा तुमचं मानून चालणार नाही. छातीच्या हाडात सुई घालून मगजच पाहू.”

सुई आत गेली तेव्हा जाईबाई ओरडली. आजवर किती बायकांना तिनं ‘कळ सोस’ म्हणून दटावलं असेल, पण स्वतःला तिला एकदाही दटावता आलं नाही.

मगज चांगला निघाला. “सोसेल असं वाटतं,” डॉक्टर म्हणाले. “उद्या सुरू करू. पण हमी देत नाही. कधी गाठीआधी औषधच माणसाला नेतं.”

मागितलं ते पदरात पडलं आणि तिची भीती दुप्पट झाली. मरणाची होतीच, आता औषधाचीही लागली. खाटेवर ती भिंतीला पाठ लावून बसली. दिवस कलला तसा देवराव वलगावची गाडी गाठायला निघाला. उद्या तो बायकोला घेऊन येणार होता.

“गावात लोकं इचारतीन, माय. किती वर्साची सांगू?”



“पंच्याहत्तरच सांग. मेली त भरल्या वयात गेली म्हनतीन. तुलेबी सोपं जाईन. अन् जगली, त मी सोता येऊन सांगतो.”

“बरं,” म्हणून तो उठला. त्याच्या सदऱ्याचं टोक तिच्या मुठीत होतं.

“जाय ना,” ती म्हणाली.

मूठ सुटली नाही. देवराव पुन्हा खाटेच्या कडेवर बसला.