पाहुणा तुकडा

"ताई, तो ब्लॉक इकडे द्या," लॅबमधले दुसरे तंत्रज्ञ, मास्तर, दारातूनच म्हणाले.

"कुठला?"

"उगाच साळसूदपणा नको. बर्फावरचा, शेवटचा. घरच्याचा ब्लॉक घरच्यानं कापायचा नाही. हा नियम केला कुणी? तुम्हीच ना?"

नियम तिनेच केला होता, हे खरं. मागे एका पोराने स्वतःच्या वडिलांचा ब्लॉक कापायला घेतला, हात थरथरला आणि मोलाचा तुकडा भुसा होऊन खाली पडला. तेव्हापासून ताईंनी सगळ्यांना बजावून ठेवलं होतं. आता बजावणाऱ्याला कोण बजावणार?

"देते," ती म्हणाली. "आधी आतलं मशीन तर लावून या."

मास्तर आत गेले. ती दाराकडे बघत राहिली आणि मग पटकन बर्फावरचा ब्लॉक उचलून तिने यंत्राच्या चिमट्यात बसवला.

ब्लॉक म्हणजे मेणाची वडी, मऊ पडू नये म्हणून बर्फावर ठेवलेली. पेशंटच्या अंगातून काढलेला तुकडा त्या मेणात पक्का बसवलेला असतो. यंत्राचं चाक फिरवलं की ब्लॉक पात्यावरून खालीवर सरकतो आणि कांद्याच्या पापुद्र्याहूनही पातळ कापाची पट्टी सुटते. ती कोमट पाण्यावर सोडायची, सुरकुत्या गेल्या की काचेवर, म्हणजे स्लाइडवर, अलगद उचलून घ्यायची. पुढे रंग चढतो आणि लॅबच्या डॉक्टर मॅडम सूक्ष्मदर्शक दुर्बिणीतून बघून सांगतात, काय आहे ते. ताईंचा सगळा जन्म या चाकावर गेला होता. कुणाचं जठर, कुणाचा गर्भाशय, कुणाच्या मानेतली गाठ. एवढ्या माणसांच्या आत डोकावली, पण भीती म्हणून कधी वाटली नाही, कारण ब्लॉकवर नाव नसतं, नुसता नंबर असतो.

या ब्लॉकवरही नंबरच होता. पण तो तिला पाठ होता.

तिचा नवरा शहर बसचा ड्रायव्हर. जेवणाला वेळ नाही, काळ नाही. जेवला की लगेच आडवा व्हायचा आणि अर्ध्या तासात छाती चोळत उठून बसायचा. सीटखाली कायम पित्तावरच्या गुलाबी औषधाची बाटली. "इंजिन गरम होतंय, पाणी घालतो," म्हणून घोट घ्यायचा आणि हसायचा. तीही हसायची. लॅबमध्ये काम करणारी बाई, पण घरच्या दुखण्याला तिनेही पित्त म्हणूनच निकालात काढलं होतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. मग घास अडकायला लागला. तेव्हा तिने हाताला धरून नेलं. घशातून नळी घालून डॉक्टरांनी अन्ननलिकेच्या तळाचे तिळाएवढे तुकडे काढले. ते आता तिच्यासमोर मेणात बसले होते.

मास्तरांचा हात मोठ्या तुकड्यांना चांगला होता, पण तिळाएवढ्यांवर तिचा त्यांच्यावर विश्वास नव्हता. खरं तर आज तिचा कुणावरच विश्वास नव्हता. ते परत यायच्या आत तिने चाक फिरवलं, पट्टी पाण्यावर सोडली, काचेवर उचलली, नंबर घातला आणि ट्रेमध्ये ठेवली. हात थरथरला नाही. स्वतःवरच ती खूश झाली.

मास्तर आले, रिकाम्या बर्फाकडे बघितलं आणि ट्रेकडे बघितलं. स्लाइड रंगवायला घेऊन गेले.

दुपारी मॅडमनी हाक मारली. मॅडमच्या दुर्बिणीला दोन माणसांनी एकदम बघायची सोय होती. एरवी ती खुर्ची शिकाऊ डॉक्टरांची.

"बस," मॅडम म्हणाल्या. "तुझ्या मिस्टरांचं आहे, म्हणून तुला दाखवते. हे वरचं बघ. अन्ननलिकेचं अस्तर कसं असतं?"

"चपट्या पेशी. थरावर थर."

"इथे आहेत का?"

नव्हत्या. तिथे उभ्या पेशी होत्या, मधूनमधून पोट फुगलेल्या, आत निळसर चिकट पदार्थ भरलेल्या. तिने अशा हजारो पेशी बघितल्या होत्या, पण आतड्यात.

"वर्षानुवर्षं आम्ल वर चढलं," मॅडम सांगत होत्या. "अस्तर जळायचं, भरून यायचं, परत जळायचं. शेवटी तळाशी ज्या नव्या पेशी तयार होतात ना, त्यांनी अन्ननलिकेचं काम शिकायचंच सोडलं. आम्ल सोसायचं तर आतड्याची कातडी बरी. म्हणून त्या आतडं झाल्या."

ताईंना हे माहीत होतं. विडी ओढणाऱ्याच्या श्वासनळीतही असंच होतं. तिथलं नाजूक अस्तर धुराला कंटाळून जाड, चपटं होतं. आईच्या पोटात सगळ्या पेशी सारख्याच असतात, मग एक एक करून आपापलं काम उचलतात आणि जन्मभर तेच करतात. पण कुणी रोज मार खात असेल तर धंदा बदलतो. बिचाऱ्या जगायचंच बघत असतात. ज्याने एकदा धंदा बदलला, तो पुढे आणखी काय करील, हे मात्र सांगता येत नाही. तिला भीती होती ती त्या 'पुढे'ची.

"हा कॅन्सर नाही," मॅडम म्हणाल्या आणि स्लाइड थोडी सरकवली. "पण हे बघ."

कडेला एक छोटा तुकडा होता. वेड्यावाकड्या ग्रंथी, पेशींची काळीभोर मोठी केंद्रकं, कुणाचा पायपोस कुणाच्या पायात नाही. तो कॅन्सर आहे, हे सांगायला कुणाची गरज नव्हती.

"हा त्यांचाच आहे का, हे मला कळायला हवं," मॅडम म्हणाल्या. "मास्तर, स्लाइड कापली कुणी?"

दारात मास्तर उभे होते. "मी," ते म्हणाले.

ते का खोटं बोलले, हे ताईंना लगेच कळलं. नियम मोडला म्हणून तिला बोलणी बसू नयेत, एवढाच त्यांचा साधा हेतू.

"तुम्ही ना? मग प्रश्नच मिटला," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही प्रत्येक ब्लॉकनंतर पाणी पुसता. म्हणजे तुकडा पेशंटचाच."

एका ब्लॉकचा बारीक कण कधीकधी कोमट पाण्यावर तरंगत राहतो आणि पुढच्या पेशंटच्या काचेवर जाऊन बसतो. लॅबमध्ये त्याला पाहुणा म्हणतात. तो येऊ नये म्हणून दोन ब्लॉकच्या मध्ये पाण्यावरून कागद फिरवायचा असतो. मास्तर कधी विसरत नाहीत. तीही कधी विसरत नव्हती.

"मॅडम, मी कापली," ताई म्हणाली.

मॅडमनी डोळे दुर्बिणीवरून काढले. मास्तर जमिनीकडे बघू लागले.

"पाणी पुसलं होतंस?"

तिने आठवून बघितलं. आधीचा ब्लॉक जठराचा होता, हे आठवत होतं. मास्तर आत गेले, तिने दाराकडे बघितलं, हा ब्लॉक उचलला. मध्ये कागद फिरवला की नाही? हात रोज ते काम आपोआप करतात, म्हणून ते लक्षातही राहत नाही. नाही म्हटलं असतं, तर मॅडमनी तुकडा पाहुणा धरला असता आणि नवरा आज हसत घरी आला असता. आणि तुकडा त्याचाच असता तर? हो म्हटलं, तर छाती उघडून त्याची अन्ननलिका काढतील, कदाचित विनाकारण. तिला नाही म्हणायचं होतं. जिभेच्या टोकावर आलं होतं.

"आठवत नाही," ती म्हणाली.

"ठीक आहे," मॅडम म्हणाल्या. त्यांनी रागावून घेतलं असतं तर बरं झालं असतं. "मास्तर, ब्लॉक आणखी खोल कापा. नवीन पाणी. आणि आधीच्या पेशंटची स्लाइड मला आणून द्या. ताई, तू बाहेर बस."

बाहेर म्हणजे जिन्याजवळ, जिथे रिकामे डबे ठेवतात. भिंतीपलीकडून चाकाचा आवाज येत होता. ती आयुष्यभर त्या आवाजाच्या आतल्या बाजूला बसली होती. बाहेर बसून तो ऐकणं किती वाईट असतं, हे तिला आज कळलं. मास्तर फार खोल तर जात नाहीत ना? तुकडाच संपला तर? उठून आत जावंसं वाटलं.

फोन वाजला. नवऱ्याचा.

"काय गं, पास का नापास?"

"अजून झालं नाही हो."

"तुझीच लॅब आणि आम्हीच रांगेत? ओळख दाखव जरा."

"तुम्ही जेवलात का?"

"आत्ता कुठे गाडी लावली. ऐक, आवाज असा का येतोय तुझा?"

"जिन्यात आहे, म्हणून," ती म्हणाली आणि फोन ठेवला. मग तिने डबे ठेवायच्या त्या कोपऱ्यात हात जोडले. कुणापुढे, ते तिलाही ठाऊक नव्हतं. तो तुकडा दुसऱ्याचा निघू दे, तिने मागितलं. कुणाचाही निघू दे, आमचा नको. पुन्हा पुन्हा हेच मागत राहिली.

किती वेळ गेला कोण जाणे. मास्तरांनी दार उघडलं आणि नुसती मान हलवली. ती हो होती की नाही, ते तिला कळेना.

"पाहुणाच," मॅडम म्हणाल्या. "खोल कापांत कुठेच नाही. आणि हे बघ, आधीच्या पेशंटच्या जठरात हुबेहूब तेच. तो कॅन्सर त्यांचा."

ताईंनी खुर्चीची पाठ धरली. रडू फुटलं, ते तिने आवरलं नाही. मास्तर पाण्याचा ग्लास हातात धरून उभे राहिले, तिला द्यायचं मात्र विसरले.

"बाकीचं खरं आहे हं," मॅडमनी ती शांत झाल्यावर सांगितलं. "बदललेल्या पेशी आहेतच. दरवर्षी आत बघून तुकडे तपासायचे. जेवण वेळेवर, गोळ्या रोज, ती गुलाबी बाटली नाही."

"परत पहिल्यासारख्या होतील?"

"क्वचित. बहुतेकांचं पुढे काही बिघडत नाही. पण भरवसा मी देणार नाही. आणि यापुढे त्यांचा ब्लॉक तू कापायचा नाहीस."

"नाही कापणार."

तिने नवऱ्याला फोन केला. घाबरायचं कारण नाही, पण दरवर्षी तपासायचं, असं सांगितलं. तो म्हणाला, "म्हणजे माझ्या छातीत आतडं उगवलंय? मग दोन घास जास्तच जातील की." ती हसली. मग तो हळूच म्हणाला, "मी घाबरलो होतो गं. तुला बोललो नाही." ती म्हणाली, "मीपण." दरवर्षी हा दिवस येणार होता, आणि दरवर्षी ती त्या जिन्याजवळ बसणार होती.

मास्तर चहाला गेले असताना रिपोर्टच्या खिडकीवरची घंटा वाजली, म्हणून ती पुढे झाली. एरवी खिडकीवर ती कधी यायची नाही. बाहेर एक वयस्कर बाई उभ्या होत्या, खांद्याला जड पिशवी. त्यांनी पावती पुढे केली.

नंबर बघून ताईंचा हात तिथेच थांबला. तो तिच्या नवऱ्याच्या नंबरच्या आधीचा होता.

"अजून तयार नाही," ती म्हणाली. "मॅडम लिहितायत."

"बसते मग. धाकट्या भावाचा आहे. तो खाली रिक्षात बसलाय, वर यायला घाबरतो. एवढा मोठा झाला, पण लहानपणापासून असाच." त्या खिडकीशी वाकल्या. "तुम्ही आतच असता ना? तुम्हाला कळत असेल. काही वाईट नाही ना?"

"मला नाही कळत त्यातलं. मॅडम बघतात."

"ते खरं. तुम्ही तरी काय सांगणार. सकाळपासून हात जोडून बसलेय बाई, बाकी काही मागणं नाही, एवढं धडधाकट निघू दे."

ताईंना तोंड वर करता येईना. हात तिनेही जोडले होते. या बाईंच्या भावावर ते संकट तिच्या मागण्याने आलेलं नव्हतं, आधीच आलेलं होतं. हे तिने मनाला दोनदा समजावलं. तरी लाज गेली नाही, आणि नवऱ्याचं निभावलं याचा आनंदही गेला नाही. दोन्ही एकदम होतं.

बाई बाकावर जाऊन बसल्या. आतून मॅडमच्या टायपिंगचा आवाज येत होता. रिपोर्ट मॅडमच सांगणार होत्या, ताईंनी काही बोलायचं नव्हतं आणि बोलण्यासारखं काही नव्हतंही. तिने अंगातला पांढरा कोट काढून खुंटीला लावला, बाजूचं दार उघडलं आणि बाहेर आली.

"काय झालं? तयार झाला?" बाईंनी विचारलं.

"नाही. थोडा वेळ आहे अजून. बसू का?"

बाईंनी शेजारची पिशवी उचलून मांडीवर घेतली आणि तिला जागा करून दिली.